सतराव्या बॅचचे दात

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
परभणी

नोकरीचा पहिला दिवस पार पडला एकदाचा! ही वही मुद्दाम आजसाठी कोरी ठेवली होती.

सकाळी चुडाव्याच्या स्टेशनवर आबा सोडायला आले. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या फाटकावर गेटमन म्हणून काढली. गाडी दिसायच्या आधी त्यांना ती ऐकू येते. माय डबा देताना रडली. परभणी काही परदेश नाही, पण पोरगी खोली करून राहणार हे तिला अजून पटलेलं नाही. आबा मात्र भेटेल त्याला सांगत होते, "आमची बबी आता तपासणारी झाली." काय तपासणारी, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. तोंडात एकही दात नाही, त्यामुळे 'तपासणारी'चं 'तपाहनारी' होत होतं आणि ऐकणारे गालातल्या गालात हसत होते. आबांना ते कळत होतं. तरी सांगत होते.

लॅब एमआयडीसीत आहे. आधी तिथं सरकीचं गोदाम होतं म्हणे. भिंतीजवळ गेलं की अजून तेलकट वास येतो. आत मात्र सगळं पांढरंशुभ्र, थंडगार. मालक शिवकांत हालगे सर. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं अगदी मऊ. कॉलेजातली प्राध्यापकी सोडून त्यांनी ही लॅब काढली. पहिल्याच दिवशी मला समोर बसवून स्वतः चहा ओतला. एमएस्सीला वर्गात पहिली येऊनही मला असं कुणी बसवलं नव्हतं.

काम थोडक्यात असं: दातांच्या टोप्या, कवळ्या हल्ली प्रिंटरवर छापतात. पातळ रेझिन असतं, काकवीसारखं. त्यावर जांभळा उजेड पडला की थर घट्ट होतो. थरावर थर चढत दात तयार होतो. ते रेझिन माणसाच्या तोंडात ठेवण्याजोगं आहे की नाही, हे आम्ही सांगायचं.

प्रिंटर निकिता बघते. माझ्याच वयाची, मोठ्यानं हसणारी. आधी माझ्या टेबलावर मनिषा नावाची मुलगी होती. सप्टेंबरात एक मेसेज टाकून गेली ती गेलीच. लग्न ठरलं असेल, असं निकिता म्हणाली. मनिषाचा पांढरा कोट खिळ्यालाच होता. मला बरोबर बसला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज पहिली चाचणी हातानं केली. छापलेल्या रेझिनची पैशाएवढी चकती घ्यायची, ती पोषक द्रवात अंगाच्या उष्णतेला ठेवायची. तिच्यातून जे काही पाझरेल ते पाझरू द्यायचं. मग तो द्रव जिवंत पेशींवर घालायचा. या पेशी उंदराच्या, काचेच्या बाटलीत वाढवलेल्या. दुसऱ्या दिवशी रंग टाकायचा: जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या होत नाहीत. शंभरातल्या सत्तर जगल्या तर माल पास.

अर्धवट घट्ट झालेलं रेझिन किती वाईट असतं, हे सरांनी मुद्दाम दाखवलं. पेशी अशा आक्रसून गेल्या होत्या, जशा तव्यावरच्या मुंग्या. सर म्हणाले, "बबिता, तोंड म्हणजे माणसाचा उंबरठा. तिथं आपण काय बसवतो ते आपल्याला ठाऊक पाहिजे." मला हे वाक्य फार आवडलं.

संध्याकाळी घरी फोन केला. आज पौर्णिमा, म्हणून आबा विहारात गेले होते. पूर्वी पौर्णिमेची वंदना तेच घ्यायचे. आवाज खणखणीत, अख्खी वस्ती मागून म्हणायची. दात गेल्यापासून शब्द बोबडे येतात, पोरं नक्कल करतात, म्हणून आता ते मागं बसतात. मायनं हे सांगितलं. आबा सांगणार नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सध्या टेबलावर सतरावी बॅच आहे. पुण्याच्या एका कंपनीचं रेझिन, हिरडीच्या रंगाचं. सर त्याच्यावर खूश आहेत. पहिल्या तपासण्या उत्तम आल्या.

मी धीर करून सरांना आबांचं सांगितलं. सर लगेच म्हणाले, माप घेऊन ये, एक कवळी सतरामधून छापू. पुढच्या महिन्यात बोरीला मोफत कवळ्यांचं शिबिर आहे, तिथं हीच वापरायची आहे. आबांना महिनाभर आधी मिळेल, एवढंच. अहवाल अजून झालेला नाही, हे मला माहीत होतं. पण आकडे मीच बघितले होते की.

शनिवार, २२ नोव्हेंबर
चुडावा

आबांना दात बसले!

सरांच्या ओळखीच्या दंतवैद्य डॉ. महेश्वरी मॅडमनी परभणीत बसवले, आणि दुपारच्या गाडीनं मी त्यांना घेऊन गावी आले. गाडीत त्यांनी तीनदा मोबाइलमध्ये तोंड बघितलं. घरी आल्यावर मायनं ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा वाढला. आबांनी कांदा दातानं फोडला. तो करकर आवाज ऐकून माय आधी हसली, मग पदरानं डोळे पुसायला लागली. तिनं विचारलं, टोचतंय का? आबा म्हणाले, "छ्या! लय ग्वाड बसलेत. माझेच वाटायलेत."

नंतर खुर्ची अंगणात घेऊन त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हाका मारल्या.

गुरुवार, ४ डिसेंबर

पौर्णिमेला आबांनी वंदना घेतली. मायनं फोन धरून ठेवला होता. लॅबच्या मागच्या पायरीवर बसून मी ऐकली. एकही शब्द बोबडा आला नाही. निकिता शेजारी येऊन उभी राहिली आणि मी का रडतेय ते तिनं विचारलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

सतराचा अहवाल आज गेला.

शंभरातल्या सत्तर पेशी जगल्या तर पास. सतराच्या द्रवात एकशे अठरा आल्या. म्हणजे मेल्या तर नाहीतच, वाढल्या. मी मोजणी पुन्हा केली; एकशे बावीस. सरांना दाखवलं. ते म्हणाले की जास्त जगणं हा काही दोष नाही.

तीन महिन्यांची चाचणी मात्र बाकी आहे. चकत्या कृत्रिम लाळेत बुडवून अंधाऱ्या कपाटात ठेवल्या आहेत, दर काही दिवसांनी वजन करायचं. तो रकाना रिकामा होता. शिबिराची तारीख ठरलेली, कंपनीला घाई. सरांनी दबाव टाकला नाही, हे मी लिहून ठेवते. त्यांनी एवढंच विचारलं की आत्तापर्यंत तुला काही वावगं दिसलंय का. मी नाही म्हणाले. रिकाम्या रकान्यात मी 'चालू आहे' असं लिहिलं, आणि खाली 'सुरक्षित'. तपासणारी म्हणून माझी सही.

सही छान आली. फोटो काढून आबांना पाठवला.

रविवार, १४ डिसेंबर
बोरी

शिबिराला मीही आले. शाळेच्या मैदानात मांडव. दोनशे बारा म्हातारी माणसं, मापं आधीच घेतलेली. आज फक्त बसवायचं. मी नावं तपासून डबी हातात देत होते.

धुरपताबाई नावाच्या आजींनी दात बसल्याबरोबर ऊस मागितला. कुणीतरी दिला. त्यांनी सगळ्यांसमोर कांडं सोललं, चावलं, आणि चोथा थुंकून माझा हात धरला. "लेकी, आठ वर्सं झाली गं. आठ वर्सं नुसतं भिजवून खाल्लं." त्यांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. मांडवात सगळीकडं तसंच: कुणी फुटाणे, कुणी शेंगा. दोनशे जबड्यांचा चावण्याचा आवाज.

परत येताना जीपमध्ये मला वाटलं, आपलं शिक्षण कामाला आलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

कपाटातल्या चकत्यांचं वजन वाढलंय. थोडंफार वाढतंच, रेझिन पाणी पितं. पण हे पाचव्या हिश्शानं जास्त आहे. सर म्हणाले, कोरड्या बरणीत तीन दिवस ठेव आणि पुन्हा कर.

शुक्रवार, २६ डिसेंबर

कोरड्या केल्या. वजन कमी झालं नाही. उलट अजून वाढलंय.

दुसरी गोष्ट. प्रत्येक चकतीवर मी सुईनं नंबर कोरला होता. आज नंबर दिसेनात. निकिताला वाटलं, मी चुकीच्या चकत्या काढल्या. भिंगाखाली धरल्या. चर आतून भरून आले आहेत. खरचटलेल्या कातडीवर नवी कातडी येते ना, तसे. कड गोल राहिलेली नाही. एका बाजूला पातळ, मऊ, गुलाबी पदर फुटलाय.

मी त्याला चिमट्यानं स्पर्श केला. तो मागं सरला असं मला वाटलं. वाटलं असेल.

रविवार, २८ डिसेंबर
चुडावा

मी आबांना कवळी काढून दाखवा म्हटलं. ते टाळायला लागले. शेवटी माय बोलली, की नऊ-दहा दिवस झाले, निघतच नाही. आबा म्हणाले, "निघायची कशाला? फिट्ट बसली ती चांगलंच हाय की." मग हळूच म्हणाले की सकाळी उठल्यावर ओठांचे कोपरे चिकटलेले असतात, पाण्यानं सोडवावे लागतात.

मी टॉर्च लावला. हिरडी कुठं संपते आणि कवळी कुठं सुरू होते ते मला सापडलं नाही. मी बोट फिरवलं. कवळी गरम होती.

बुधवार, ३१ डिसेंबर
परभणी

डॉ. महेश्वरी मॅडमकडे नेलं. त्यांनी आधी हातानं बघितलं, मग एक्स-रे काढला. जबडा आणि कवळी यांच्यामध्ये रेघ असायला पाहिजे, ती नाही. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग म्हणाल्या की कापून तुकड्यांत काढू, कवळीला जीव थोडाच असतो, दुखणार नाही. त्यांनी खालच्या कवळीत मधोमध, हिरडीपासून दूर, बारीक ड्रिल लावलं. आबांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की तो निखळला. ते ओरडले नाहीत, त्यांच्या घशातून वेगळाच आवाज आला. आणि ड्रिलच्या टोकाशी, प्लॅस्टिकमधून, रक्त आलं.

मॅडमनी ड्रिल खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "बबिता, हे काय आहे? मी काय बसवलं यांच्या तोंडात?"

अहवाल त्यांच्या टेबलावरच होता.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६
देवगाव फाटा

मनिषाचा पत्ता निकिताकडून काढला. तिच्या भावाचं फाट्यावर स्पेअर पार्टचं दुकान आहे, मागं घर. त्यानं आधी ती नाही म्हणून सांगितलं. मी सतरा नंबर एवढंच म्हणाले, तेव्हा बाजूला झाला.

मनिषा खिडकी बंद करून बसली होती. डोळ्यांखालपासून ओढणी बांधलेली. तिनं माझ्या अंगातल्या कोटाकडं बघितलं. घाईत तसाच घालून आले होते. मग तिनं वही ओढली आणि लिहायला लागली. जुलैत ती स्कूटीवरून पडली, पुढचा एक दात तुटला. सरांनी सतराच्या पहिल्या बाटलीतून टोपी करून दिली. एकच टोपी. सप्टेंबरात शेजारचे दात झाकायला लागले. घरच्यांनी लाजेखातर कुणाला सांगितलं नाही, मोडलेलं लग्न तेवढं सांगितलं. दोन डॉक्टरांनी कापून बघितलं. प्रत्येक कापण्यानंतर ते दुप्पट वेगानं वाढलं.

तिनं ओढणी सोडली.

मला लिहवत नाही. ओठ आहेत. ओठांच्या आत तोंड नाही. गुळगुळीत, गुलाबी, ओली भिंत आहे, आणि डाव्या कोपऱ्यात नळी जाईल एवढं भोक. त्या भोकातून शिट्टीसारखा श्वास येत होता.

तिनं लिहून विचारलं, अजून कुणाला दिलंय? मी आकडा लिहिला. दोनशे बारा, आणि माझे आबा. मनिषानं वही मिटली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी जाईपर्यंत वळली नाही.

शनिवार, ३ जानेवारी

पौर्णिमा. आबा विहारात गेले नाहीत. माय म्हणाली, त्यांना 'स' म्हणता येईना.

सोमवार, ५ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, झटकून टाकतील. त्यांनी मान खाली घातली. कंपनीला, सरकारी औषध कार्यालयाला, जिल्ह्याच्या दवाखान्याला पत्रं लिहिली. मी टाइप केली, त्यांनी पाठवली. सरांनी आज दिवसभर मास्क काढला नाही. चहाही घेतला नाही.

गुरुवार, ८ जानेवारी
बोरी

एकटीच आले. माणसं शेतात हुरडा खात बसली होती. मला बघून सगळ्यांना आनंद झाला, आगटीजवळ बसवलं, हातावर गरम हुरडा ठेवला. मी सांगितलं की कवळ्या आजच्या आज काढा, निघत असतील तर अजून वेळ आहे. कुणाचीच निघत नव्हती. आणि त्याचंच त्यांना कौतुक होतं.

धुरपताबाई रागावल्या. "दात दिलेस आन् आता परत मागायलीस व्हय? आमी गरिबांनी चावून खाल्लं तं कुणाच्या पोटात दुखायलंय?" मी हात जोडले. म्हणाले, आजी, माझ्याच हातनं चूक झाली, माझ्या वडलांचं तोंड मिटायलंय. त्यांनी बोटानं ओठाचा कोपरा चाचपला. तो चाचपण्याचा वेग मी बघत होते. बाकीचे खात होते. एकेकाचा हात हळूहळू तोंडाकडं गेला.

कुणीतरी विचारलं, मग काढायचं कसं ते सांग की.

सोमवार, १२ जानेवारी

कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी, सोबत जोडपत्र. जोडपत्र म्हणजे माझाच अहवाल. सुरक्षित.

कार्यालयानं कळवलं, प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलं आहे.

चार दिवस लॅबमध्ये सगळं करून बघितलं. स्पिरिट, आम्ल, उष्णता, बर्फ. चकती तडकते आणि मग भरून येते. एक गोष्ट कळली. उजेडात ठेवली तर दगडासारखी होते, वाढत नाही. अंधारात ठेवली तर मऊ राहते आणि वाढते. तोंडात कायम अंधारच, आणि मुळाशी उजेड पोचत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. निकितानं तीळगूळ आणला. सरांनी घेतला नाही. चार दिवस ते आमच्याशी मेसेजवरच बोलतायत, घसा बसलाय म्हणून. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मास्क खाली केला, क्षणभरच.

मग फोनवर लिहून दाखवलं. ऑक्टोबरात चार दात. सतरा. आपल्या मालावर आपलाच विश्वास नको का?

त्यांनी मला फसवलं असतं तर बरं झालं असतं. कुणावर तरी चिडता आलं असतं.

शनिवार, १७ जानेवारी
चुडावा

खोली सोडली. निकिताही लॅब सोडून गेली. आता इथंच.

आबांचे दात आता सुटे राहिले नाहीत. एकच पट्टी. वरची आणि खालची मधे धाग्यांनी जोडली जातेय. मी सकाळ-संध्याकाळ कापसानं धागे तोडते. प्रत्येक धाग्याला त्यांचे डोळे भरून येतात. तरी तोंड उघडून देतात. लहानपणी माझे केस विंचरताना मी रडायचे तेव्हा ते म्हणायचे, झालं झालं. आता मी म्हणते.

मंगळवार, २० जानेवारी

नळीनं दूध. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली. रुळांकडं कान. आणि ओठांत उरलेल्या फटीतून म्हणाले, "लेट हाय आज."

गाडी खरंच उशिरा होती.

त्यानंतर फट बंद—

बुधवार, २१ जानेवारी

एकही शब्द नाही. भोक ठेवायचा प्रयत्न केला, गरम सुईनं. एका तासात भरलं. माय म्हणाली पुरे कर.

गुरुवार, २२ जानेवारी
दवाखाना

नाकातून नळी. डॉक्टर मला विचारतात हे काय आहे. मी अहवाल लिहिणारी, मला विचारतात.

बोरीहून सात जण आलेत. दुसऱ्या वॉर्डात. ओळखलं मला—

शुक्रवार, २३ जानेवारी

टाळूतून वर सरकतंय. नळी आतूनच आवळली. दुसरी घालायला आले तेव्हा आबांनी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले, सरळ. डॉक्टरांना वाटलं झटका आला.

झटका नव्हता. झेंडी हाताशी नसली की गेटमन असंच करतो. गाडी थांबवा.

मी डॉक्टरांना सांगितलं, आता नळी नको. सही लागते म्हणाले. केली.

शनिवार, २४ जानेवारी

आबा गेले. सकाळी नऊ.

रविवार, २५ जानेवारी

अग्नी दिला. विहारातल्या धम्मानंदकाकांनी वंदना घेतली. मागून म्हणताना माझा आवाज निघेना. मी आरशात तोंड बघितलं. काही नाही. माझ्या तोंडात काही नाही. मला काहीच होणार नाही, हेच—

मंगळवार, २७ जानेवारी

राख गोळा करायला गेलो.

कवळी जळलेली नाही.

अख्खी. गुलाबी. दोन दिवस आगीत आणि राखेत. ओली होती. मायनं बघायच्या आत मी मातीत पुरली. खोल. मग आठवलं. मातीत अंधार असतो.

परत जाऊन उकरलं. जिथं पुरली तिथं—

बुधवार, २८ जानेवारी

मनिषाच्या भावाचा फोन. नुसता रडला. कळलं.

सरांचा फोन बंद.

गुरुवार, २९ जानेवारी

दुपार. दारात दोन पिकअप. बोरीच्या.

उतरतायत. चाळीस असतील, जास्तच. सगळ्यांची तोंडं पदरानं, गमछ्यानं बांधलेली. कुणी बोलत नाही. एवढी माणसं अंगणात आणि नुसता नाकातून येणारा श्वास.

माय म्हणाली दार लाव, मारायला आलेत. मलाही तसंच वाटलं. हायसं वाटलं. खिडकीतून हातांकडं बघितलं— पकड, कानस, करवतीचं पान, विळा—

मारायला नाही आले.

रांगेत खाली बसलेत. मांडी घालून. हत्यारं पुढ्यात धुऊन पुसून मांडलीत. पहिल्या म्हातारबांनी डोकं मागं करून भिंतीला टेकवलं, डोळे मिटून घेतलेत, आणि गमछा सोडून वाट बघतायत. सांगायला मीच एकटी गेले होते. म्हणून माझ्याकडं. त्यांना वाटतंय जिला कळलं तिला काढताही येत असेल.

पाणी आणते म्हणून आत आले. लिहितेय. कसं सांगू त्यांना. कापलं की दुप्पट. नाही कापलं तर तीन दिवस, चार दिवस. चाळीस माणसं. मागं अजून दीडशेच्या वर—

धुरपताबाई आत आल्यात. माझ्या शेजारी बसल्या. वहीवर पकड ठेवली. माझा हात धरून तिच्यावर नेतायत, हळूच, लेकराला घास भरवायला शिकवावं तसा— पदर सोडला— ओठांच्या जागी— डोळे मात्र हसतायत आजींचे, माझ्याकडं बघून, जणू आता मी आलेय म्हणजे सगळं—